मी त्याला पुरेन का?

प्रश्न : पत्रलेखिका ७१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी पती गेले, तेव्हापासून त्या एकट्याच राहतात. सोबतीला पतींनी आणलेला कुत्रा आहे, सहा वर्षांचा, २४ किलो वजनाचा. चार महिन्यांपूर्वी फिरायला गेलेल्या असताना समोरून मांजर पळालं, कुत्र्याने झेप घेतली, लीश (फिरवताना हातात धरायची दोरी) मनगटाला गुंडाळलेली होती, त्या खेचल्या गेल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड अजून पूर्वीसारखी नाही आणि धास्तीही गेलेली नाही. परदेशी असलेला मुलगा म्हणतो, ‘तो धडधाकट आहे तोवरच एखाद्या तरुण कुटुंबाला देऊन टाक.’ त्यात रोजच्या बातम्या आहेतच : युद्धं, पूर, साथी. रात्री उशिरापर्यंत त्या टीव्हीसमोर बसतात आणि कुत्राही घरभर येरझाऱ्या घालतो. त्या विचारतात, ‘उद्या मला काही झालं तर त्याचं कोण? त्याला ठेवून घेणं हा माझा स्वार्थ आहे का?’

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. तुम्ही पडलात, ही एक. तुमच्या गैरहजेरीत त्याचं काय, ही दुसरी. आणि जग कुठे चाललं आहे कोण जाणे, ही तिसरी. तिन्हींचं मिळून एकच उत्तर शोधायला गेलं की ‘देऊन टाकावा’ एवढंच हाती लागतं. वेगवेगळ्या केल्या तर पहिल्या दोन बऱ्याच अंशी सुटण्यासारख्या आहेत.

आधी ते वयाचं गणित बघू. तुम्ही ७१, तो सहा. या वजनाच्या कुत्र्याला आणखी सहा-सात वर्षं सहज मिळू शकतात, म्हणजे तेव्हा तुम्ही ७७-७८ च्या असाल. एवढी वर्षं मी धड राहीन याची हमी कोण देणार, असं तुम्हाला वाटतं. हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खरं. पण ती तुमच्या मुलाच्या मनातलं तरुण कुटुंबही देऊ शकत नाही. तिथे बदली होते, बाळ येतं, कोणाला तरी ॲलर्जी निघते, घर बदलावं लागतं. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही किती वर्षं जगता यापेक्षा, ज्या दिवशी तुम्ही दार उघडू शकणार नाही त्या दिवशी ते दुसरं कोणी उघडेल का, हे महत्त्वाचं आहे. ती सोय काही आठवड्यांत उभी करता येते, आणि पस्तिशीत कुत्रा पाळणाऱ्यालाही ती तितकीच लागते. फक्त त्याला तसं कोणी विचारत नाही.

आता पडण्याचं. मनगटाला गुंडाळलेली लीश हे तुमच्या हाड मोडण्याचं जवळजवळ संपूर्ण कारण आहे. गुंडाळलेल्या लीशमधून हात सोडवून घेता येत नाही, त्यामुळे कुत्र्याचं सगळं वजन, तेही वेग घेतलेलं, थेट मनगटावर आणि खांद्यावर येतं. लांब किंवा आपोआप सुटत जाणारी लीश असेल तर आणखी वाईट. चार-पाच मीटर मोकळे मिळाले की तो पूर्ण वेगात येतो आणि मग शेवटी हिसका बसतो. तुमच्यासाठी दीड मीटरची, न ताणणारी, दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टीची लीश घ्या. तिचा फास फक्त अंगठ्यात अडकवायचा, उरलेली पट्टी तळहातात घड्या घालून धरायची आणि मूठ पोटाजवळ ठेवायची, दुसरा हात आधाराला. बोटं उघडली की लीश सुटली पाहिजे. घरात बसून ती पाच-दहा वेळा सोडून बघा. ऐन वेळी सोडण्याचा हात हा सरावानेच तयार होतो, कारण आपली उपजत प्रवृत्ती घट्ट धरण्याची असते. म्हणूनच फिरण्याचा रस्ता असा निवडायचा की लीश सुटली तरी तो वाहनांच्या वर्दळीत जाणार नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आणि शक्य तिथे मायक्रोचिप, म्हणजे त्वचेखाली बसवायची ओळख-क्रमांकाची चिप, हवीच. कमरेला बांधायची लीश तुमच्यासाठी नाही. ती सुटत नाही आणि सगळा ओढा थेट तुमच्या तोलावर येतो.

लीश लावायला गळ्याच्या कॉलरऐवजी छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगावर चढवायचा पट्टा, वापरा. पाठीवरच्या कडीला लीश लावली तर कुत्रा पूर्ण अंगाने ओढू शकतो. छातीवरच्या कडीने ओढलं की तो आपोआप बाजूला वळतो आणि जोर तुटतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच सैल जागा ठेवा. मागे सरकून तो हार्नेसमधून निसटतो का, हे घरातच तपासा. हार्नेस वाकून घालू नका. तुम्ही खुर्चीत बसा, त्याला जवळ बोलवा, खाऊ द्या आणि बसल्या बसल्या घाला.

मांजर दिसल्यावर झेप घेणं शिकवण्याने कमी होतं, पण ते शिकवायचं मांजर समोर नसताना. आधी घरात : त्याचं नाव घ्यायचं, त्याने तुमच्याकडे बघितलं की मांडीशेजारी हात नेऊन खाऊचा छोटा तुकडा द्यायचा आणि उलट दिशेला वळून चार पावलं चालायचं. दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच मिनिटं पुरे. घरात नीट जमलं की अंगणात किंवा जिन्याखाली, मग शांत रस्त्यावर. मांजर वा दुसरा कुत्रा दिसला तर तो ताठ होण्याआधीच, म्हणजे लांब असतानाच वळायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं. कुत्र्याची नजर एकदा रोखली गेली, कान पुढे आले, अंग ताठलं, की त्याला खाऊ दिसत नाही आणि हाक ऐकू येत नाही. तीन-चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो. तोवर, आणि मनगटात जोर येईपर्यंत, सकाळचं लांब फिरणं दुसऱ्या कोणीतरी करावं : ओळखीतला कॉलेजचा मुलगा, शेजारी, किंवा पैसे घेऊन कुत्र्यांना फिरवणारी विश्वासू व्यक्ती.

पण एक तपासणी कुत्र्याची नाही, तुमची आहे. भिंतीशेजारी उभ्या राहा, कोणीतरी जवळ असू द्या. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवून, दोन्ही पावलं एका रेषेत ठेवून, डोळे उघडे ठेवून आधाराशिवाय १० सेकंद उभं राहता येतं का? येत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. तसं असेल तर सध्या कोणत्याही ओढणाऱ्या कुत्र्याची लीश हातात घेऊ नका आणि तोल सुधारण्याच्या व्यायामांसाठी फिजिओथेरपिस्टकडे जा. हाडांची घनता, ‘ड’ जीवनसत्त्व आणि डोळे एकदा तपासून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठल्या उठल्या लीश उचलू नका. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसा, मग उभ्या राहा. एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि नेमका त्याच क्षणी तो दाराकडे खेचत असतो. पायात मागून बंद असलेले बूट हवेत, आणि फोन पिशवीत नाही, अंगावरच्या खिशात.

घरातल्या धोक्याचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि खरी भीती तिथे आहे. कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांच्या अमेरिकेतल्या २००१ ते २००६ या काळातल्या नोंदी पाहिल्या तर वर्षाला सुमारे ८६ हजार घटना दिसतात. त्यांतल्या कुत्र्यांमुळे झालेल्या घटनांत कुत्र्याने ओढल्या-ढकलल्यामुळे पडलेल्यांपेक्षा कुत्र्याला अडखळून पडलेले लोक जास्त होते. त्यामुळे त्याचं अंथरूण तुमचा पलंग आणि न्हाणीघर यांच्या वाटेत नको. त्या वाटेवर हालचाल झाली की लागणारा छोटा दिवा बसवा. कॉलरला घुंगरू बांधा, म्हणजे अंधारात तो कुठे आहे ते कळेल. पाण्याचं भांडं भिंतीच्या कोपऱ्यात, खाली न घसरणारी चटई. त्याची नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती वाढलेली आहेत. तो घसरतो आणि तुमच्यावर येऊन आदळतो. ‘जागेवर’ म्हटलं की अंथरुणावर जाऊन बसायचं, एवढं एक त्याला पक्कं शिकवलंत, तर दार उघडताना आणि हातात गरम भांडं असताना तो पायात येणार नाही.

तुमची औषधंही याच यादीत येतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसाची नेहमीची वेदनाशामकं कुत्र्याला विषारी ठरू शकतात. पोट, यकृत, मूत्रपिंड यांवर घाला येतो. गोळ्या घेताना तो दुसऱ्या खोलीत असू द्या. खाली पडलेली गोळी तुमच्या आधी त्याला सापडते. गुडघ्याला लावलेलं मलम त्याला चाटू देऊ नका. मधुमेहामुळे किंवा एरवीही साखरविरहित च्युइंगगम किंवा गोड पदार्थ घरात असतील तर वेष्टनावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलं आहे का बघा. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरात धोकादायक उतरू शकते. असं काही पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता वेष्टन हातात घेऊन पशुवैद्याकडे जायचं.

आता मुख्य प्रश्न, तुमच्याविना त्याचं काय. ‘कायमचं काय’ इथून सुरुवात केली की माणूस गळून जातो. एका दिवसापासून सुरू करा.

एक दिवस : तुम्ही सकाळी बँकेत गेलात आणि थेट रुग्णालयात दाखल झालात. घरात कुत्रा आहे हे कोणाला कळणार? पाकिटात एक चिठ्ठी आणि फोनच्या बंद पडद्यावर दिसणारा एक मजकूर हवा : ‘माझ्या घरी कुत्रा एकटा आहे, या दोघांना कळवा’, पुढे दोन नंबर. दोघांकडेही घराची किल्ली. दोघं अशासाठी की एकजण नेमका गावाला गेलेला असतो. रोज ठरलेल्या वेळेआधी तुम्ही एक छोटा संदेश पाठवायचा. तो आला नाही तर अर्ध्या तासात फोन, फोन उचलला नाही तर किल्ली. हा संदेश मुलाला पाठवा. तो लांब आहे, त्याला काळजी आहे आणि हाताशी करण्यासारखं काही नाही, म्हणून ‘देऊन टाक’ एवढंच त्याच्या तोंडून येतं. त्याला हे रोजचं काम द्या. फिरवणाऱ्या माणसाचा खर्च उचलायचा असेल तर तोही उचलू द्या.

किल्ली देऊन भागत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. तुम्ही घरात असताना शेपटी हलवणारा कुत्रा तुम्ही नसताना त्याच माणसाला दारात अडवू शकतो. म्हणून किल्लीवाल्याने आठवड्यातून एकदा, तुम्ही बाहेर असताना, स्वतः कुलूप उघडून आत यायचं, खाऊ द्यायचा, पाच मिनिटं बाहेर फिरवून आणायचं. पहिल्या वेळी तुम्ही जिन्यात थांबा. असे पाच-सहा आठवडे झाले की ती व्यक्ती त्याच्या लेखी घरातली होते.

एक आठवडा : यासाठी एक कागद लागतो, तो फ्रीजच्या दारावर लावा आणि त्याचा फोटो दोन्ही किल्लीवाल्यांकडे ठेवा. त्यात खाणं ग्रॅममध्ये लिहा. ‘एक वाटी’ लिहिलंत तर प्रत्येकाची वाटी वेगळी निघते. वेळा, औषधाचं नाव आणि मात्रा, शेवटच्या लसीची तारीख, पशुवैद्याचा नंबर, तो कशाला घाबरतो, कुठे हात लावलेला चालत नाही, आणि तुम्ही त्याला कोणत्या शब्दांत बोलता, तेही. ‘बस’ आणि ‘खाली बस’ हे त्याच्यासाठी दोन वेगळे शब्द असू शकतात. पशुवैद्याकडे तुमच्या सहीचं पत्र ठेवा : माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्तीने निर्णय घ्यावा, अमुक रकमेपर्यंत उपचार करावेत. मग त्याला त्या माणसाकडे एक रात्र ठेवून बघा, महिन्याभराने तीन रात्री. पहिल्या रात्री तो जेवणार नाही, दाराशी बसेल. तेवढ्याने घाबरून परत आणू नका. दुसऱ्या दिवशी भूक जागते. त्याचं न धुतलेलं अंथरूण आणि तुमचा वापरलेला एखादा कपडा सोबत द्या.

कायमचं : एक नाव, आणि ते माघार घेईल तर दुसरं. दोघांना समोर बसवून विचारलेलं असावं, गृहीत धरलेलं नको. बहुतेक देशांत कायद्याच्या लेखी प्राणी ही मालमत्ता असते, त्यामुळे पैसे त्याच्या नावाने ठेवता येत नाहीत. ते सांभाळणाऱ्याच्या नावाने, त्या कारणासाठी, ठेवावे लागतात. काही देशांत त्यासाठी वेगळा न्यास करता येतो. वकिलाला विचारून इच्छापत्रात तशी तरतूद करा, पण फक्त त्यावर विसंबू नका. इच्छापत्र उघडायला आठवडे-महिने जातात आणि कुत्र्याला त्याच संध्याकाळी जेवायचं असतं.

बातम्यांच्या भीतीतली काही भीती निराधार नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कतरिना चक्रीवादळात अनेकांनी घर सोडायला नकार दिला, कारण निवारा छावण्यांत आणि बसमध्ये प्राण्यांना घेत नव्हते. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून आपत्ती योजनांमध्ये पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक केला. जपानमधल्या २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेत लोक दोन-चार दिवसांत परत येऊ अशा समजुतीने कुत्रे मागे ठेवून गेले. २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने प्राण्यांना सोबत घेऊनच बाहेर पडण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण सोबत निघणं म्हणजे छावणीत सोबत राहणं नव्हे. तिथे कुत्र्याला बहुधा वेगळ्या जागी, पिंजऱ्यात राहावं लागतं. म्हणून पिंजऱ्यात शांत झोपायची आणि खाऊच्या मदतीने मुसकं घालून घ्यायची सवय आजच लावा. ऐन गोंधळात ती लागत नाही. कागदांत मायक्रोचिपचा नंबर आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हवं. अनेक देशांच्या सीमेवर, चिप बसवल्यानंतर दिलेली लसच ग्राह्य धरतात, हा क्रम पाळा.

आपत्तीत सोबत घ्यायच्या पिशवीबद्दल नेहमीच्या याद्या सांगतात, सात दिवसांचं सगळं भरा. २४ किलोच्या कुत्र्याला किलोमागे ५० ते ६० मिली म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. सात दिवसांचं पाणीच नऊ-दहा किलो झालं. ते तुम्ही उचलू नका. सात दिवसांचा साठा घरात ठेवा, आणि दाराजवळच्या पिशवीत दोन दिवसांचं खाणं-पाणी, १४ दिवसांची औषधं, कागदांच्या प्रती, जादा लीश, आणि तुम्ही दोघं एकत्र दिसता असा फोटो. हरवलेल्या कुत्र्यावर हक्क सांगताना तो कामी येतो. दर तीन महिन्यांनी खाणं बदला. शिवाय तुम्ही त्याला उचलू शकत नाही, म्हणून कमी उताराच्या फळीवरून गाडीत चढायला शिकवा. म्हातारपणी त्याचे सांधे धरले की तीच फळी रोज लागेल.

रात्रीच्या येरझाऱ्या मात्र सगळ्याच बातम्यांच्या माथी मारू नका. आधी पशुवैद्याकडून सांधेदुखी, लघवीचा संसर्ग, पोटाचा त्रास नाही ना हे बघून घ्या. ते नसेल तर तुमची झोप आणि त्याची झोप जोडलेली आहे, हे शक्य आहे. स्वीडनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या केसांतल्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाची, दीर्घकाळची पातळी एकमेकांशी मिळतीजुळती आढळली. बातम्यांतल्या सायरनचे, स्फोटांचे आवाजही त्याच्या कानावर पडतातच. झोपण्याआधी तासभर टीव्ही बंद, मग दहा मिनिटं वास घेत रमतगमत एक फेरी. तीन आठवडे एवढंच करून पाहा. तो घाबरला असताना त्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. खुशाल घ्या.

पुढच्या वर्षापासून त्याची दर सहा महिन्यांनी पशुवैद्याकडे तपासणी सुरू करा. तो गाढ झोपलेला असताना अर्धा मिनिट श्वास मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० पेक्षा जास्त सतत येत असतील, किंवा दिवसाला अडीच लिटरच्या आसपास पाणी पिऊ लागला, तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

स्वार्थाबद्दल तुम्ही विचारलंत. तो पतींची आठवण म्हणून घरात आहे, की तुम्हाला तो हवा आहे, हे स्वतःला एकदा विचारा. दोन्ही खरं असू शकतं. फक्त पहिलंच असेल तर त्याला दुसऱ्या घरी दिल्याने पतींशी प्रतारणा होत नाही. कुत्रे नव्या घरात रुळतात, काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. पण तुमच्या पत्रात तो काय खातो, कुठे झोपतो, पाऊस आला की कसा खिडकीशी जाऊन बसतो, हे ज्या तपशिलाने आलं आहे त्यावरून दुसरंही आहे असं मला वाटतं.

हेच पत्र ‘याच्यानंतर पुन्हा कुत्रा आणू का’ असं विचारणाऱ्यांनाही लागू आहे. सत्तरीत पिल्लू आणू नये असं मी स्पष्ट सांगेन. पहिल्या वर्षीची धावपळ आणि दातांचे ओरखडे पातळ झालेल्या त्वचेला झेपत नाहीत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. पण आठ-दहा वर्षांचा, दहा किलोच्या आतला, शांत कुत्रा दत्तक घेणं, किंवा संस्थेतल्या कुत्र्याला काही महिन्यांपुरतं घरी सांभाळणं, हे दोघांच्याही सोयीचं आहे. अशा वयाच्या कुत्र्यांना घर मिळणं अवघड असतं.

मुलाशी बोलाल तेव्हा ‘मी त्याला देणार नाही’ असं म्हणून विषय बंद करू नका. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणा, आणि कशावरून ठरवायचं तेही आत्ताच लिहून ठेवा : नवी लीश, नवी पद्धत असूनही पुन्हा पडलात, दोनदा तरी त्याला जेवण दिलं की नाही ते आठवलं नाही, किंवा तो घरी आलेल्या माणसावर दात विचकू लागला. यांपैकी काहीही झालं तर त्याला हलवायची वेळ आली आहे. ज्या घरी तो तीन रात्री राहून आला आहे, तिथे आधी आठवड्याचे दोन दिवस, मग चार, मग कायमचा पाठवा, आणि तुम्ही त्याला भेटायला जात राहा.